दुसरीच्या नवऱ्याचा फोटो

धुरपताबाई पाझारे यांना मारेगावात कोणी हळू बोलताना ऐकलेलं नाही. याला कारण रेचे. जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी करणारी ही यंत्रं एका ओळीत सुरू झाली, की शेजारच्या बाईला हाक मारायलाही ओरडावं लागे. धुरपताबाईंनी उमेदीची सगळी वर्षं त्या ओळीत उभं राहून रेच्यावर कापूस टाकण्यात घालवली. पुढे जिनिंग बंद पडलं, पण बाईंचा आवाज काही खाली आला नाही. बँकेत गेल्या तरी कॅशियरशी त्या रेचा चालू असल्यासारख्याच बोलतात, आणि मग रांगेतल्या सगळ्यांना त्यांच्या पासबुकात किती शिल्लक आहे ते कळतं.

त्यांचे यजमान बाबाराव त्याच जिनिंगमध्ये प्रेसवर होते. दाबलेल्या रुईच्या गाठींना लोखंडी पट्ट्या बांधायचं काम. माणूस अबोल होता. घरात एकानंच बोलायचं असा दोघांत करार असावा, असं आम्ही ऑफिसातले लोक म्हणत असू. जिनिंग बंद पडायच्या आधीच बाबाराव काविळीनं गेले. त्यांचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला बोलावला नव्हता, आणि नंतर कुणाला तसं काही सुचलं नाही.

कापसाची सरकारी खरेदी कोलमडली, भाव पडले आणि आमच्यासारखी सहकारी जिनिंगं एकामागून एक बंद झाली. आमच्याकडे दप्तर सांभाळायला मी तेवढा उरलो. इमारत एका सामाजिक संस्थेनं भाड्यानं घेतली. धुरपताबाई, त्यांच्या शेजारच्या रेच्यावरची बसंतीबाई आणि आणखी काही जणी त्या संस्थेच्या सचिवांकडे, देवतळे साहेबांकडे गेल्या आणि रेच्यांचं रिकामं शेड मागून घेतलं. तिथं त्या गाद्या-रजया भरू लागल्या. शेड त्यांना का हवं होतं, हे सांगायला पाहिजे. जिनिंग वणीच्या रस्त्यावर आहे. त्या रस्त्यानं दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. उघड्यावर रुई पिंजली तर अर्धी वाऱ्यावर जाते आणि उरलेली काळी होते. काळी गादी कोण घेणार? शेड होतं म्हणून धंदा होता.

त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमच्या जिल्ह्यात पाहुणे फार येत. पत्रकार, अभ्यासक, कॅमेरेवाले. गाडी थांबली की काच खाली करून पहिलाच प्रश्न विचारत, विधवा कुठे राहतात. २००६ च्या हिवाळ्यात असंच एक पाहुणं आलं, तेही थेट स्कॉटलंडहून. तिथल्या उत्तर किनाऱ्यावरच्या इन्व्हरडोर नावाच्या आडबाजूच्या गावात एक लहानसं संग्रहालय आहे. त्या गावात मासळी धरायची जाळी एके काळी सुताची असत. ते सूत ज्या कापसाचं, तो पिकवणाऱ्या मुलखाची ओळख करून देणारी एक खोली त्यांना संग्रहालयात करायची होती. म्हणून तिथल्या मोराग नावाच्या बाई फोटो काढायला आल्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास, ठेंगण्या, उन्हानं नाक लाल झालेलं. दुभाषी म्हणून मोहिउद्दीन मिस्त्रीची मुलगी रुबीना होती. आमचे रेचे दुरुस्त करायचे ते मोहिउद्दीन. पोरगी वणीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकत होती.

सकाळी बायका शेडमध्ये आल्या तेव्हा देवतळे साहेबांनी मांडामांड करून ठेवली होती. मध्ये एक खुर्ची, मागे कापसाचा ढीग, आणि शेजारी स्टुलावर हार घातलेला एक फोटो. कोट घातलेला, भरगच्च केसांचा, मिशीवाला तरुण.

धुरपताबाई फोटोजवळ जाऊन वाकल्या. "हे कोन होय जी साहेब?"

"तुमचे यजमान," देवतळे हळूच म्हणाले. "फोटोपुरते."

"माहे? माहा बाबाराव टकला होता. याले त डोकंभर केसं आहे!"

बसंतीबाई मागून म्हणाली, "घेऊन टाक वं धुरपता. पहिल्यापेक्षा बरा दिसते."

"बरा दिसते, पन कोनाचा आहे? याची बायको कुठी असन? तिले इचारलं का यायनं?"

बायका हसायला लागल्या. देवतळे साहेब हसले नाहीत. त्यांनी धुरपताबाईंना बाजूला घेतलं, पण त्यांना बाजूला घेऊन उपयोग नसतो. उत्तर सगळ्यांनाच ऐकू येतं.

"हे पाहा," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "लांबून लोक आले आहेत. त्यांना कापूस उत्पादकाच्या घरातली बाई दाखवायची आहे. तुम्ही फक्त खुर्चीवर बसा, डोक्यावर पदर घ्या, खाली पाहा. बोलू नका. एवढं झालं की शेड तुमच्याकडे राहील. माझा शब्द."

"अन नाई बसली त?"

"मग संस्थेपुढे मी काय सांगू? शेड दुसऱ्या उपक्रमाला द्यावं लागेल."

बसंतीबाईनं धुरपताबाईंच्या पदराला हळूच ओढ दिली. बस, असा त्याचा अर्थ होता.

धुरपताबाई बसल्या नाहीत. "साहेब, माहा नवरा काविळीनं मेला. सरकारी दवाखान्यात मेला, माह्या हातचं पानी पिऊन मेला. त्याच्या नावावर वावर नोहतं, त त्यानं कायच्यासाठी जहर घ्यावं? ज्या घरी तसं झालं त्या घरच्या बाईचं दुख आहे ते. मी कायले चोरू? अन माहा मानूस गाठी बांधत होता. चांगल्या बांधत होता. त्याचं काम पुसून तुमी त्याले कोट घालून राह्यले."

मोराग बाईंना शब्द कळत नव्हते, पण भांडण कळत होतं. त्यांनी रुबीनाला काय चाललंय म्हणून विचारलं.

देवतळे घाईनं म्हणाले, "सांग, बाईंना दुःख अनावर झालं."

रुबीनानं एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा धुरपताबाईंकडे. मग इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मोराग बाईंनी त्या हार घातलेल्या तरुणाकडे बोट केलं. रुबीनानं नाही म्हणून मान हलवली.

"काय सांगितलंस?" देवतळ्यांनी विचारलं.

"जे झालं तेच सांगितलं, सर. हे मावशीचे शौहर नाहीत म्हणून."

मोराग बाई सरळ रुईच्या गाठीवर बसल्या आणि बोलू लागल्या. रुबीना थांबून थांबून सांगत होती. बायका काम सोडून भोवती जमल्या.

त्यांच्या गावी शेत नाही. नुसता खडक, वारा आणि समुद्र. त्यांच्या पणजोबांच्या आधीची पिढी आत डोंगरात राहत होती. जमीनदाराला मेंढ्यांसाठी कुरण हवं झालं, म्हणून त्यानं गावंच्या गावं उठवली आणि माणसांना किनाऱ्यावर आणून टाकलं. नांगर धरणाऱ्यांना होडी धरावी लागली. पुढे हेरिंग नावाच्या मासळीवर गाव उभं राहिलं. दगडी धक्का बांधला, चर्च बांधलं. पुरुष रात्री समुद्रावर जात आणि बायका धक्क्यावर उभ्या राहून मासे चिरत. सुरी लागू नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. जाळी सुताची असत. कुजू नयेत म्हणून ती कात घातलेल्या उकळत्या पाण्यात बुडवत. सगळ्या गावाला काताचा वास यायचा.

"कात? पानातला?" बसंतीबाईनं विचारलं.

"तोच," रुबीना म्हणाली. "तिकडं खैर नाही होत. जहाजानं इकडून, पूर्वेकडून जायचा."

"म्हंजे त्यायचं जाळं पान खाऊन समुद्रात जाये!" बसंतीबाई म्हणाली, आणि मोराग बाईंना ते सांगितल्यावर त्याही मोठ्यानं हसल्या.

मग त्या पुढचं बोलल्या. एका हिवाळ्यात वादळ आलं आणि बऱ्याच होड्या परत आल्या नाहीत. महिन्याभरात शहरातून कॅमेरा घेऊन एक गृहस्थ आला. त्यानं धक्क्यावर काळ्या शाली पांघरून बायकांची ओळ बसवली. बुडालेल्यांच्या बायका ओळीला पुरल्या नाहीत, म्हणून धक्क्यावरच्या आणखी दोघी-तिघींना बसवलं. त्यात मोराग बाईंची आजी होती. तिचा नवरा घरी जाळं सांधत बसला होता. त्या फोटोचं पोस्टकार्ड झालं, 'इन्व्हरडोरच्या विधवा' या नावानं. ते खूप खपलं. आजोबा पुढं म्हातारे होऊन गेले, पण तोवर त्यांच्या जिवंतपणीच लोक आजीकडे विधवा म्हणून दयेनं पाहत होते. दुकानापुढून जाताना आजी रोज आत शिरायची, ते पोस्टकार्ड उलटं करून ठेवायची आणि निघून जायची. दुकानदार परत सुलटं करायचा.

"फाडलं काहून नाई?" धुरपताबाईंनी विचारलं.

"खूप छापली होती. एक फाडलं की दुसरं लागायचं."

"मंग आता कोनी इकत नसन ते."

रुबीनानं विचारलं. मोराग बाईंचं लाल नाक आणखी लाल झालं. मग त्यांनी सांगितलं, की ते अजून विकलं जातं. त्यांच्याच संग्रहालयात. सगळ्यात जास्त तेच खपतं.

"तुमी इकता?" धुरपताबाईंचा आवाज पत्र्यापर्यंत गेला. "आजीनं जलमभर उलटं केलं, अन नात सुलटं करून इकून राह्यली? सांग रुबी, असंच सांग. गोड करू नको."

रुबीनानं गोड केलं नसावं. मोराग बाईंनी मान खाली घातली आणि कॅमेऱ्याचं झाकण उगाच उघडलं-मिटलं. देवतळे साहेब एव्हाना बाहेर गेले होते.

"काढा म्हना आता फोटो," धुरपताबाई म्हणाल्या. त्यांनी स्टुलावरचा तो तरुण उचलला, हार काढून बसंतीबाईच्या हातात दिला, फोटो स्वतःच्या पदरानं पुसला आणि भिंतीला टेकवून ठेवला. "याले वापस करून द्या. कोनाचा तरी असन बिचारा." मग त्या आपल्या जागेवर गेल्या, अर्धी भरलेली गादी पुढे ओढली, गुडघ्यानं दाबली आणि मोठी सुई घेऊन टाका घातला. फोटो निघाला तेव्हा त्यांचं तोंड उघडं होतं, कारण त्या बसंतीबाईला दोरा दे म्हणून सांगत होत्या.

त्याची किंमत पडली. पुढच्याच आठवड्यात शेडला संस्थेचं कुलूप लागलं. माझ्या ऑफिसात येऊन बसंतीबाई सगळ्यांदेखत त्यांना बोलली. "बसली असती एक घडी त काय झिजली असती वं तू? आमी काय खाचं आता?"

"मी नसती झिजली. बाबाराव झिजला असता."

"तो त गेला!"

"म्हनूनच. त्याले आता सोता बोलता येत नाई."

बसंतीबाईला ते पटलं असं मी म्हणणार नाही. ती महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. बायकांनी आधी रस्त्याकडेला, जिनिंगच्या भिंतीला लागून काम करून पाहिलं. दोन दिवसांत रुई राखेसारखी दिसू लागली. मग मोहिउद्दीन मिस्त्रींनी आपल्या गॅरेजची मागची खोली दिली. ऑइलचे डाग, जागा अपुरी. दोघी जणी सोडून हरभरा सोंगायला गेल्या. बसंतीबाई मात्र परत आली. धुरपताबाईंच्या टाक्यावर तिचा भरवसा होता, विचारावर नसला तरी.

धुरपताबाईंनी एक गोष्ट सुरू केली. गॅरेजला जाताना त्या रोज जिनिंगच्या फाटकापुढे थांबत आणि रेचा चालू असल्याच्या आवाजात विचारत, "देवतळे साहेब, कोनता उपक्रम चालू झाला जी आत?" शेडमध्ये काहीच चालू नव्हतं, हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं. चहाच्या टपरीवरले लोक पुढे पुढे साहेबांना पाहून तेच विचारू लागले. साहेब संस्थेच्या ऑफिसला मागच्या गल्लीनं येऊ लागले. कुलूप काही निघालं नाही. आजही आहे. बाईंचा प्रश्नही आहे.

उन्हाळ्यात मोराग बाईंचं पत्र आलं. खोली तयार झाली होती आणि धुरपताबाईंचा फोटो त्यात मोठा करून लावायचा होता. खाली काय लिहायचं, ते त्यांनीच सांगावं अशी विनंती होती. गॅरेजमध्ये रुबीना कागद घेऊन बसली. मिस्त्री जॅकवरच्या जीपखालून ऐकत होते.

"लिह्य," धुरपताबाई म्हणाल्या. "धुरपताबाई बाबाराव पाझारे. गाव मारेगाव. जिनिंगमदी रेच्यावर होती, आता गाद्या भरते. नवरा बाबाराव प्रेसवर गाठी बांधे. त्याची बांधलेली गाठ बंबईपर्यंत सुटत नोहती. तो काविळीनं गेला. त्याचा फोटो नाई, म्हनून इथं नाई. जिनिंग आमी नाई बंद पाडलं. शेड आमच्याजवळून घेतलं, ते आमाले वापस पायजे."

"मावशी," रुबीना म्हणाली, "त्यांनी लिहिलंय, पाटीवर दोनच ओळी मावतात."

जीपखालून मिस्त्री म्हणाले, "नाम और गाव लिख दे बेटा, बस है."

"तू चूप रे मोहिउद्दीन, तू आपला नट कस." धुरपताबाईंनी सुईत दोरा ओवला. "अन ते पोस्टकार्ड बंद केलं का नाई, त्याचं काही लिहिलं का बाईनं?"

रुबीनानं पत्र पुन्हा उलटसुलट करून पाहिलं. "नाही. त्याबद्दल काहीच नाही."

"मंग तेही इचार. वरतीच इचार, पयल्या ओळीत. अन तिले सांग, पाटी लहान असन त मोठी कर. येवढा समुद्र आहे तिच्याजवळ, एक फळी भेटत नाई का?"