हौदातली बाभूळ

शकूताई मंगळवारी सकाळी गेली. फोन माझ्या भाच्याचा, प्रशांतचा होता. मी मस्तगडहून रिक्षानं नवीन जालन्यात तिच्या घरी पोचलो. तिला हॉलमध्ये खाली निजवलं होतं. दारात मांडववाल्याच्या टेम्पोतून लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या उतरत होत्या.

त्या खुर्च्यांचा एकमेकींतून सुटतानाचा आवाज अजून माझ्या कानात आहे. गल्लीतली एक म्हातारी आली. तिला खुर्चीवर बसता येईना, पाय लोंबकळायचे, आणि जमिनीवर बसली तर उठता येईना. तिनं बसायला काहीतरी ठेंगणं मागितलं. कुणीतरी आत जाऊन न्हाणीतलं निळं प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. त्याच्या पायांवर साबणाचा वाळलेला पांढरा थर होता, वर एक लांब केस चिकटलेला. म्हातारी ते बघत उभी राहिली. मागच्या पडवीत, ताडपत्रीखाली, ताईनं आपल्या हातानं केलेल्या तिवया होत्या. तिवई म्हणजे तीन पायांची ठेंगणी बैठक, गावाकडे गाय दोहायला बसतात तसली. शेजारच्या कांचनभाभी मागे गेल्या, एक तिवई घेऊन आल्या आणि म्हातारीला तिच्यावर बसवलं. प्रशांतनं ते पाहिलं. हलक्या आवाजात म्हणाला, "भाभी, ती नको ना. लोक येतायत."

त्याचे डोळे रडून सुजले होते. आई गेलेल्या मुलावर त्या घडीला रागवू नये, हे मला कळत होतं. पण पोटातून जे वर आलं तो राग नव्हता. ती किळस होती, आणि ती मला ताईकडूनच मिळालेली आहे.

ताईला किळस फार यायची. घाणीची नव्हे, शेणाचे, तेलकटाचे, लहान पोरांच्या शेंबडाचे हात तिनं आयुष्यभर बिनतक्रार धुतले. तिला किळस यायची ती प्लायवूडची. कडेची पट्टी उखडून आतला भुसा दिसला की ती तोंड फिरवायची. लाकडाच्या रेषांचं चित्र छापलेला कागद भुशाच्या फळीवर चिकटवायचा आणि त्याला लाकूड म्हणायचं, हे तिला मेलेल्या जनावराला झूल घालण्यासारखं वाटे. आता हेही सांगितलं पाहिजे, की प्रशांतचं स्टेशन रोडला त्याच मालाचं दुकान आहे. घरातला प्रत्येक कोपरा त्यानं हौसेनं त्याच मालानं मढवला होता. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या ओट्याखालची दारं फुगायची आणि ताई ती उघडताना नाकाला पदर लावायची. "तुझं फर्निचर अजीर्ण झाल्यावानी फुगतंय रे," असं ती पाहुण्यांसमोर म्हणे, आणि प्रशांत हसून विषय बदलत असे. दोघांचं प्रेम नव्हतं असं नाही. दोघं एकमेकांच्या वस्तूंवर बसत नसत, एवढंच.

ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. गल्ली तिला 'बाई' म्हणे. निवृत्तीपर्यंत तिनं हातात करवत धरली नव्हती. मग रस्ता रुंद करायला घरासमोरचं कडुनिंब तोडलं. बुंध्याचे तुकडे नालीच्या कडेला पडून राहिले, त्यांच्यावर लोक केरकचरा टाकू लागले, आणि एका दुपारी ताईनं हमाल बोलावून त्यातला बरा तुकडा आत ओढून घेतला. आरागिरणीतून फळ्या पाडून आणल्या. जुन्या बाजारातून करवत, रंधा आणि भोकं पाडायचं गिरमिट आणलं. पहिली वस्तू पाट. सोपी म्हणून. एक फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, झालं. ती मला मुद्दाम बोलावून दाखवताना इतकी खूश होती की मी त्यावर बसून दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. वैशाखात तो पाट पापडासारखा वळला. एक कोपरा वर आला, मधोमध चीर गेली.

आम्ही दोघं त्या पाटाकडे बघत बसलो होतो. ती एकदम कपाळावर हात मारून म्हणाली, "ओलं होतं रे! दादा काय करायचे... डबऱ्यात टाकायचे न्हाई का?"

दादा म्हणजे आमचे वडील. टेंभुर्णीला आमच्या शेतात विहिरीच्या कडेला एक डबरं होतं. औताला, गाडीला लागणारी बाभूळ तोडली की दादा ती त्या डबऱ्याच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवत. एक पावसाळा, कधी दोन. पाणी काळं होई, त्याला घाण सुटे, आणि आम्ही नाक धरून तिथून पळायचो. आतला चीक पाण्यात उतरून गेल्याशिवाय बाभूळ कामाला घ्यायची नाही, नाहीतर भुंगा लागतो, तडकते, हे आमच्या घरात न सांगताच सगळ्यांना ठाऊक होतं. ताई विज्ञानाची पदवीधर झाली, मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो, आणि डबऱ्यातलं आमच्या लक्षात राहिलं ते फक्त नाक धरून पळणं.

त्यानंतर तिनं मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या हौदात बाभूळ बुडवायला सुरुवात केली. आता जालन्यात राहणाऱ्याला सांगायला नको की नळाला पाणी येण्याचा वार असतो, आणि तो वार चुकला तर टँकरची वाट बघावी लागते. अशा गावात एक बाई हौदभर पाण्यात लाकडं भिजवते म्हटल्यावर गल्ली खवळली. कॉलनीचे अध्यक्ष फाटकात येऊन ओरडले, "प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही लाकडाला आंघोळ घालून राह्यल्या!" ताईनं त्यांना हौदाशी नेलं. म्हणाली, "घ्या, प्या एक तांब्या." हौदात धुण्याचं, भांड्यांचं, फरशी पुसलेलं पाणी होतं. घरात आलेला थेंब दोन-दोनदा वापरून झाल्यावर ती तो बाभळीला देत होती. अध्यक्षांनी रुमाल तोंडाला लावला आणि ते गेले. पालिकेत तक्रार मात्र झाली.

वास खरोखर भयंकर होता. साबण, खरकटं आणि कुजलेली साल यांचा तो वास कपड्यांत बसून घरी यायचा. मी एकदा विचारलं, "ताई, तुला सहन होतं?"

"न्हाई," ती म्हणाली. "मलाबी मळमळतं. पण त्याला सडायचं ते इथं सडू दे. घरात आल्यावर सडणार न्हाई. आमच्या प्रशांतचं उलटं अस्तंय. दुकानात वास येतो अत्तरावानी..." आणि पुढचं वाक्य तिनं गिळलं, कारण प्रशांत पडवीत आला होता.

रविवारी तिच्या पडवीत गल्लीतल्या चार बायका जमू लागल्या. कुणालाच काही येत नव्हतं आणि शिकवणारीला त्यांच्याहून फार जास्त येत नव्हतं. पाट, भिंतीवरचं खुंटाळं, मग तिवई. चार पायांचं स्टूल ताईनं सोडून दिलं होतं; चार पाय नवख्याच्या हातून कधी एका पातळीत येत नाहीत, तीन पाय कुठल्याही उंचसखल फरशीवर बसतात, असं ती फळ्यावर त्रिकोण काढून समजावी. ओंडका मधोमध फोडायचा, सपाट बाजू वर घ्यायची, सालीकडच्या बाजूनं तीन तिरकी भोकं पाडायची, पाय ठोकायचे. सगळ्यांत मागे पडलेल्या कांचनभाभी. त्यांचं घराणं राजस्थानातून पिढ्यांपूर्वी इथं आलेलं, कापडाचा व्यापार, घरात बाई हातात हातोडी घेते हेच नवल. त्या खुंट्या इतक्या बारीक तासायच्या की शेवटी उरायची दात कोरायची काडी. ताई म्हणे, "भाभी, खुंटी करून राह्यल्या का दातकोरणं?" भाभी उलट म्हणत, "बाई, तुमच्या पाटावर बसून लोकांची कंबर वाकडी झाली, आधी ते बघा!" इतरांच्या तिवया झाल्या. भाभींना फोडायला लाकूड उरलं नाही. मागच्या हिवाळ्यात ताईनं टेंभुर्णीहून हात-हातभर लांबीचे बाभळीचे दोन ओंडके आणून हौदात टाकले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, हे भाभीचे. दिवाळीशिवाय कुणी हात लावायचा न्हाई.

मी शेवटचा गेलो तेव्हा ती हौदाच्या कठड्याला टेकून बसली होती. थकली होती. मला म्हणाली, "दिवाळीपर्यंत मी अस्ले तर अस्ले. पण भाभीची तिवई झाली पायजे. एकदा तिच्या हातून बराबर भोक पडलं ना... मंग ती थांबत न्हाई बघ."

तेराव्याला मोठा मांडव होता. फाटकावर ताईचा फोटो असलेला फ्लेक्स, खाली 'काष्ठकलेची उपासक'. विधीसाठी पाट लागला. मी मागून ताईचा पहिला, वळलेला पाट आणून ठेवला. गुरुजींनी तो बोटानं दाबून पाहिला, म्हणाले, हा डुगडुगतोय, दुसरा द्या. प्रशांतनं दुकानातून पाट मागवला, सागाच्या रेषा छापलेला, वरचं प्लॅस्टिक न काढलेला. ते प्लॅस्टिक तिथंच, दर्भाशेजारी सोलून टाकलं. नंतर कॉलनीचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "शकुंतलाबाई म्हणजे मुक्या लाकडाला बोलतं करणारे हात," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. बायकांच्या बाजूनं कांचनभाभींचा आवाज आला, हळू, पण चार ओळींत ऐकू जाईल एवढा, "पालिकेत तक्रार करायला हेच गेल्ते." कुणी हसलं नाही. मला जेवण गेलं नाही. पानातल्या बुंदीवर तुपाचा थर गोठत होता आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो.

आणि मग माझ्या लक्षात आलं की वास येत नाहीये.

मी मागे गेलो. हौद रिकामा, फिनेलनं धुतलेला, आत मांडववाल्यानं कोल्ड्रिंकच्या बाटल्या बर्फात लावलेल्या. पाहुणे येणार म्हणून प्रशांतनं माणसं लावून सगळं उपसून घेतलं होतं. ओंडके भिंतीकडेला, डेब्रिजच्या ढिगावर, उन्हात. त्यांच्यावर गोणपाट होतं आणि ते ओलं होतं. मी ते उचलून बघतोय तोवर मागून कांचनभाभी आल्या, हातात पाण्याची कळशी.

"सर, चार दिवस झाले, मी भिजवून टाकून राह्यले. पण उद्या मलबा उचलायला गाडी येणार हाय."

"प्रशांतला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. म्हणाला, भाभी, तुम्हाला तिवई पायजे ना, दुकानातून फर्स्ट क्लास स्टूल पाठवतो." त्यांनी कळशी गोणपाटावर रिकामी केली. "माझ्या घरी ठेवले असते. पण सासूबाई न्हाई म्हणतात. साठल्या पाण्यात जीव पडतात, ते मरतात, पाप लागतं. त्यांचं बी चूक न्हाई."

एका ओंडक्याच्या टोकाला बोटभर चीर गेली होती. दुसरा शाबूत होता. मी प्रशांतकडे गेलो आणि ते मी घेऊन जातो म्हणालो. त्यानं माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "मामा, ती जळणाची लाकडं काय करता? चला, तुम्हाला काहीतरी दाखवायचंय." आणि मला गाडीत बसवून दुकानात घेऊन गेला.

दुकानात शिरताच समोरची भिंत 'गावाकडचा लुक' म्हणून सजवली होती. रंगवलेला कंदील, छापील विटा, आणि मधोमध, वरून दिव्याचा झोत सोडलेला, ताईचा पहिला पाट. गुरुजींनी सकाळी नाकारलेला तोच. तेरावा आटोपायच्या आत दुकानातल्या माणसानं तो आणून बसवला होता. चार कोपऱ्यांतून चार स्क्रू आरपार नेऊन भिंतीत आवळले होते. आवळताना चीर आणखी फाकली होती.

"तो वाकडा आहे ना मामा, त्यातच तर ब्यूटी आहे," प्रशांत म्हणाला. "आईचं नाव राहिलं पाहिजे." त्याला खरंच रडू येत होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कारण तो माझ्या बहिणीचा मुलगा आहे. पण त्या भिंतीकडे बघताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. बसायला केलेली वस्तू, तिच्यावर आयुष्यात कधी न बसलेल्या माणसानं, पुन्हा कुणीही बसू शकणार नाही अशी भिंतीला ठोकली होती. आणि तो याला प्रेम समजत होता, आणि ते प्रेम असेलही... मी रिक्षा केली, परत ताईच्या घरी गेलो, भाभींनी आणि मी मिळून ओंडके गोणपाटात गुंडाळून रिक्षात ठेवले. रिक्षावाला म्हणाला, "सर, ह्याच्यात काही मेलंय का?" भाभी म्हणाल्या, "न्हाई बाबा, चल जल्दी."

माझ्या घरी हौद नाही. बोळात मिळाला तो निळा प्लॅस्टिकचा ड्रम आणला. ताईनं पाहिला असता तर तोंड फिरवलं असतं. त्यात ओंडके उभे केले, वर दगड ठेवला, धुण्याचं पाणी ओततो आहे. ड्रम पुस्तकांच्या खोलीच्या खिडकीखाली आहे, दुसरीकडे जागा नव्हती. रविवारी कांचनभाभी येतात. ताईचं गिरमिट त्यांच्याकडे आहे. निंबाच्या एका तुकड्यावर त्या तिरकी भोकं पाडण्याचा सराव करतात. अजून बराबर पडलेलं नाही.

दिवाळी लांब आहे. पाणी काळं झालं आहे. चिरलेला ओंडका तिवईच्या कामाचा राहिलेला नाही, दुसरा आहे. वास घरभर येतो.