दोन किलोचं वजन

“हाताले इचारा.”

मिलमध्ये काहीही बिघडलं, की मिस्त्री हे दोन शब्द म्हणायचे आणि उजवा तळवा समोर असेल त्यावर टेकवायचे. खांबावर, भिंतीवर, एकदा तर मालकांच्या गाडीच्या बॉनेटवर. डोळे मिटलेले, मान जराशी तिरपी. आपण मध्येच बोलू नये म्हणून डावा हात आधीच वर केलेला असायचा. मग डोळे उघडून निकाल सांगायचे. “इंजन बरोबर आहे, शेठ. पंख्याचं पातं झिजलं.” आणि पातं खरोखर झिजलेलं निघायचं.

तुमसरच्या त्या राइस मिलमध्ये त्यांना सगळे मिलचा कान म्हणायचे. पस्तीस वर्षं तिथे काढलेला माणूस. उंची बेताची, खिशात पाना, गुडघे दुखरे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्याशिवाय कारखाना चालत नाही, आणि तो चालतो तेव्हा त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मी गावातल्या तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवते. पदव्युत्तर अभ्यासात माझा विषय होता एकसारख्या तुकड्यांच्या लवचीक रचना. तोच तुकडा, तेवढ्याच अंतरावर, पुन्हा पुन्हा जोडत गेलं की अशा रचनेत एक गंमत होते. काही ठरावीक कंपनं तिच्यात शिरतात, पण पलीकडे पोचत नाहीत. वाटेतच विरून जातात. हे सगळं मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं होतं. प्रत्यक्षात एक बोल्टही कधी आवळला नव्हता, आणि तरी मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

मिलच्या भिंतीला लागून एका ताईंची रक्ततपासणीची खोली आहे. आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ, म्हणून ताईंचा दिवस सूक्ष्मदर्शकावर वाकून जातो. तांदळाची मोठी चाळणी मिलमध्ये ज्या लोखंडी गर्डरवर बसवली होती, त्याचं एक टोक ताईंच्या भिंतीत होतं. चाळणी सुरू झाली की इकडे काचपट्टीवरच्या पेशी नाचायला लागायच्या. ताईंनी मालकांना सांगून टाकलं की महिनाभरात हे थांबलं नाही तर मी तक्रार करणार. मालक घाबरून कॉलेजात आले आणि प्राचार्यांनी मला पुढे केलं.

पहिल्या दिवशी मी मिस्त्रींना फळ्यावर शिकवावं तसं शिकवलं. गर्डरला सारख्या अंतरावर बारा लवचीक पोलादी पाटे लावायचे आणि प्रत्येकाच्या टोकाला सारखं वजन टांगायचं. चाळणी गर्डर हलवेल, वजनं ती हालचाल अडवतील आणि भिंतीपर्यंत काही पोचणार नाही. मिस्त्रींनी सगळं ऐकलं, म्हणजे मला तसं वाटलं, आणि म्हणाले, “वजनं आहेत न, म्याडम. बाजारात पडून राह्यले.”

इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून धान्यबाजारातली जुनी लोखंडी वजनं अडत्यांच्या दुकानात धूळ खात होती. मिस्त्रींनी पाच-पाच किलोची बारा वजनं गोळा केली. एका मोडक्या जीपच्या कमानीचे पाटे कापून आणले. माझ्या हिशोबाप्रमाणे सगळं बसवलं, चाळणी सुरू केली, आणि ताईंच्या पेशी होत्या तशाच नाचत राहिल्या.

मी रात्रभर आकडे तपासले. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी गर्डरवर तळवा ठेवला आणि म्हणाले, “पाटे लांब झाले. बोटभर कापू.” मग रोज थोडं थोडं कापणं, पुन्हा हात लावणं. “थरथर आता मांगं सरकली. अजून उलीशीक.” तीन आठवड्यांनी ताईंच्या टेबलावर तपासायला ठेवलेल्या पेल्यातलं पाणी स्थिर झालं. ताईंनी सगळ्यांना पेढे दिले. मिस्त्रींनी गर्डरवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाले, “गर्डर मुका झाला.”

मला ती शाबासकी वाटली.

त्यांची एक सवय मला खटकायची. बोलताना ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, दातात कोथिंबीर अडकली असेल. मिलमध्ये जाण्याआधी मी स्कूटीच्या आरशात दात बघून घ्यायचे. शिवाय मागून हाक मारली तर ते वळत नसत. पोती शिवणाऱ्या बाया म्हणायच्या, “मिस्त्रीले गुर्मी आहे जी.” मलाही ते पटलं होतं. ज्या ठिकाणी सगळेच ओरडून आणि हातवारे करून बोलतात, तिथे दुसरी काही शंका कुणाला येणार?

पेढे खाऊन चार-पाच दिवस झाले असतील. मोजमापं घ्यायला गेले तर पाचव्या पाट्यावर पाचाऐवजी दोन किलोचं वजन दिसलं.

“हे कुणी बदललं?”

“मीच बदललं,” मिस्त्री म्हणाले. “राहू द्या न, म्याडम. एखादं येगळं राह्यलं तं काय बिघडते?”

ताईंकडे पाणी स्थिर होतं, म्हणून मी तेव्हा सोडून दिलं. पण माझा कंपनांचा आलेख बिघडला. जिथे सपाट दरी हवी होती, तिथे मधोमध एक सुळका उभा राहिला. शास्त्रात याचं कारण साधं आहे. सारख्यांच्या रांगेत एक वेगळा ठेवला, की रांग जी कंपनं अडवते त्यांतलं एखादं नेमकं त्या वेगळ्यापाशी येऊन साठतं. हे मला पाठ होतं. एखाद्या माणसाला ते तिथे साठायला हवं असेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

दसऱ्यानंतर बाहेरगावचे प्राध्यापक आमची रचना बघायला येणार होते. दसऱ्याला मिल बंद असते. यंत्रं धुवायची, झेंडू वाहायचा, चाळणीलाही हळदकुंकू. त्या दिवशी मिस्त्री कधीच मिलमध्ये नसत. दरवर्षी बायको आणि मुलीला घेऊन ते नागपूरला दीक्षाभूमीवर जात. मला ते ठाऊक होतं. मी तोच दिवस निवडला, असं आज लिहिताना हात अडखळतो, पण खरं ते खरं. वेल्डर बोलावला, पाचव्या पाट्यावर पाच किलोचं वजन पक्कं जोडून घेतलं आणि बाराही वजनांना एकसारखा राखाडी रंग दिला. दोन किलोचं वजन कॉलेजच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले ते नेहमीप्रमाणे पाचव्या पाट्यापाशी गेले. तळवा ठेवला. काढला. पुन्हा ठेवला.

“म्याडम, माहं वजन काहून काढलं?”

“सगळी सारखी नसली तर ती रचनाच नाही, मिस्त्री. पाहुणे काय म्हणतील?”

“पाहुणे गेल्यावर लावून द्या मंग.”

“पण कशाला? कारण सांगा.”

मालक शेजारीच उभे होते. मिस्त्रींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. “काही नाई. अशीच सवय पडली,” म्हणाले. मालकांनी लगेच फर्मान सोडलं की मॅडमच्या कामाला आता कुणी हात लावायचा नाही. पाहुणे आले, त्यांनी सपाट आलेख पाहून माझं कौतुक केलं, मी हुरळून गेले.

पुढे नवीन धानाचा हंगाम सुरू झाला आणि मिल सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबेना. एका दुपारी तांदूळ घासणाऱ्या पॉलिशरचं बेअरिंग किंचाळायला लागलं. रस्त्यावरच्या पानठेल्यापर्यंत तो आवाज गेला, असं नंतर पानठेलेवालाच सांगत होता. बाया घाबरल्या, पण कुणी बटण बंद केलं नाही, कारण मिस्त्री पंधरा पावलांवर गर्डरवर तळवा ठेवून शांत उभे होते. मिलचा कान तिथे उभा आहे म्हटल्यावर काळजी कसली? मग शाफ्ट अडकला आणि पट्टा तुटून भिंतीवर आपटला. नशीब म्हणून कुणाला लागलं नाही. ऐन हंगामात नऊ दिवस मिल बंद राहिली.

त्या दुपारी सगळ्यांना कळलं की मिस्त्रींना ऐकू येत नाही. कधीपासून, हे कुणालाच माहीत नव्हतं. मालक वाईट माणूस नाही. त्यांनी शाल दिली, नारळ दिला आणि म्हणाले, “आता घरी आराम करा.” मिस्त्री नाकाडोंगरीकडच्या, मँगनीजच्या खाणींजवळच्या आपल्या गावी निघून गेले.

थंडीत मी त्यांच्या घरी गेले. सोबत ते दोन किलोचं वजन नेलं होतं. त्यांच्या बायकोने अंगणात खुर्ची टाकली आणि ती चहा करायला आत गेली. मिस्त्री खाटेवर बसले होते, तळवा खाटेच्या लाकडी कडेवर.

“खाणीत सुरुंग उडला का हाताले समजते,” ते म्हणाले. “बसा.”

मी वजन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, अंगठ्याने पुसलं. मग, मी न विचारताच, सगळं सांगितलं. आठ-नऊ वर्षांपासून कान गेले होते. आधी ते प्रत्येक यंत्रापाशी जाऊन हात लावायचे. गुडघे दुखायला लागले तेव्हा गर्डर कामी आला, कारण साऱ्या मिलची थरथर त्यात यायची. “आपन त्याले मुकं केलं न, म्याडम. ताईचं काम होतं, करनं भाग होतं. मंग म्या एक खिडकी ठेवली. बेअरिंग कुरकुरलं का त्या दोन किलोले समजे. ते निघालं तरी सवयीनं हात तेथंच जाय.”

किती दिवस लावून त्यांनी ते वजन आणि तो पाटा जुळवला असेल! मी दहा वर्षं ज्या सुळक्यावर गणितं केली, तो त्यांनी हाताने घडवला होता, आणि तो माझा आलेख घाण करतो म्हणून मी पुसून टाकला.

“मला सांगितलं का नाही?”

“शेठ होते न तेथं. बहिरा मिस्त्री कोन ठेवते?”

माझ्याने त्यांच्याकडे बघवेना. मी मान खाली घातली आणि म्हणाले, “मिस्त्री, माझं चुकलं. तुमचं काम माझ्यामुळे गेलं. मला माफ करा.”

मी वर पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, थोडे पुढे वाकून.

“काही म्हटलं काय, म्याडम? तोंड नाई दिसलं मले.”

तेव्हा पुन्हा म्हणायला हवं होतं. तीनच वाक्यं होती. पण त्यांच्या डोळ्यांना डोळे भिडवून ती बोलायची हिंमत माझ्यात नव्हती. तेवढ्यात चहा आला.

“काही नाही,” मी म्हणाले.

निघताना त्यांनी वजन माझ्या हातात परत ठेवलं. “तेथंच लावून द्या. मले आता कायले?”

मी हो म्हटलं, आणि परीक्षा आहेत, पेपर तपासायचे आहेत, असं करत चार महिने ते वजन पुन्हा टेबलावर ठेवलं. उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबा गेले, झोपेतच.

तेराव्या दिवसापर्यंत थांबायचं काही कारण नव्हतं, त्यांच्याकडे ते पाळतही नाहीत. मी दुसऱ्याच सकाळी मिलमध्ये गेले. मालकांनी विचारलं, एकच वेगळं का लावताय? मी म्हटलं, मिस्त्रींचं आहे. त्यांनी स्वतः शिडी धरली. पाचव्या पाट्यावरचं जोडलेलं वजन वेल्डरने कापून काढलं, तिथे दोन किलोचं लागलं आणि मिल सुरू झाली. मी त्यावर तळवा ठेवला. गर्डर गप्प होता, आणि तेवढं एक वजन हाताखाली बारीक थरथरत होतं.

मी मान वर केली आणि ती तीन वाक्यं स्पष्ट म्हटली. मिल चालू होती. कुणाला काही ऐकू गेलं नाही.