तीनबोटी मणेरीण

रहिमतपूरची जन्नतबी मणेरीण बायकांना तोंडावरून कमी आणि हातावरून जास्त ओळखायची. कुणाचं हाड रुंद, कुणाचा अंगठा आखडलेला, तिला पाठ होतं. दोन बोटांनी हाड दाबायची, बोलता बोलता बांगडी मनगटात.

१९४३ च्या माघात बाजाराहून परतताना बैल बुजले आणि गाडी कलंडली. चाक तिच्या उजव्या हातावरून गेलं. साताऱ्याच्या दवाखान्यात अंगठ्याशेजारची दोन्ही बोटं काढावी लागली. दाबायची तीच दोन.

जखम भरली, तरी नसलेल्या बोटांच्या टोकांना खाज सुटायची. खाजवायला डावा हात न्यावा, तर तिथं काहीच नाही. नवऱ्याला, चांदसाहेबला, तिनं हे सांगितलं नाही. वेड लागलं म्हणाला असता.

पेठेतल्या बायका वाईट काही बोलल्या नाहीत. हात मात्र कुणी पुढं केला नाही. "सुनंकडनंच भरते, तुला कशाला तरास," म्हणायच्या. सून जरिना बांगड्या भरायची. जन्नतबी हात पदराखाली धरून टोपलीशी बसायची. असं वर्ष गेलं.

मग जरिना बाळंतपणाला माहेरी गेली. गावात कुणी हात देईना, म्हणून जन्नतबी टोपली घेऊन एकटीच रेल्वेनं कुंडलला गेली. तिथं तिला ओळखणारं कुणी नव्हतं.

हरणाबाई नावाच्या शेतकरणीनं तिला ओट्यावर बसवलं, हात पुढं केला आणि थबकली.

"आगं, बोटं कुटं गेली तुजी?"

"गाडीखाली गेली."

"मग भरशील कशी?"

"ठावं न्हाई. पयल्या दोन-चार वाढतील." फुटतील हा शब्द ती कधी तोंडातून काढत नसे.

"वाढू देत. बस नीट."

तीन वाढल्या. हरणाबाईच्या मनगटावर रक्ताचा ठिपका आला, पण तिनं हात मागं घेतला नाही. चौथ्या वेळी जन्नतबीनं तळव्यानंच हाड दाबलं आणि बांगडी आत गेली. दोन्ही हात भरायला तास लागला. पूर्वी तेवढ्यात अख्खी गल्ली उरकायची.

कुंडलात तिचं नाव तीनबोटी पडलं. पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी ती न जेवताच परतली. चार-सहा खेपांनंतर त्या हाकेला ओ देऊ लागली.

जरिना परत आल्यावर म्हणाली, "आता पेठेतबी तुमीच भरा की."

"नगं. हितल्यांनी माजा आदीचा हात बगितलाय."

दोघींनी मग गावं वाटून घेतली. पेठ जरिनाची, रेल्वेनं जायची गावं जन्नतबीची.