यार्नने बांधलेले टोमॅटो

कृषी तंत्रज्ञानाच्या दोन वर्षांच्या कोर्सला मी शेतीच्या ओढीने गेले नाही. पॅकिंगमधून सुटायला गेले. बारावीनंतर सिल्वासाच्या एका यार्न कंपनीत मी पॉलिस्टर धाग्याचे कोन पॅक करत होते. कोन उचलायचा, डाग बघायचा, पिशवीत घालायचा, खोक्यात बसवायचा, की पुढचा कोन हजर. तिथे आयुष्य काढलेल्या बायकांच्या माना आणि कंबरा बघितल्या की मला माझं पुढचं सगळं दिसायचं. जवळच्या रांधा गावात एका नर्सरीवाल्याशी ओळख निघाली. तो म्हणाला होता, डिप्लोमा करून ये, रोपांवर देखरेखीला ठेवतो. तेवढ्या शब्दावर मी कॉलेजात नाव घातलं.

पण नाव घातलं म्हणून पॅकिंग सुटलं नाही. घर चालायला दोन पगार लागत होते. सकाळी कॉलेज, दुपारी तिथूनच सेकंड शिफ्ट, असं ठरलं. ठरवताना ते सोपं वाटलं होतं. वडील म्हणाले, दोनच वर्षं तर आहेत. मीही म्हणाले, दोनच वर्षं.

त्या दोन वर्षांतलं निम्मं मी पेंगत पाहिलेलं आहे. मातीचा सामू, बीजप्रक्रिया, ठिबकचा दाब, सगळ्यावर झोपेची साय धरलेली. शिकवणं गुजरातीत, पुस्तकं इंग्रजीत, शंका हिंदीत, आणि दमायचं ज्याने त्याने आपल्या भाषेत. सुरंगी गावाहून येणारी एक मुलगी माझ्या शेजारी बसायची. माझी मान खाली गेली की ती पेनाने टोचायची. तिच्या घरी शेती होती. मला तिचा हेवा वाटायचा तो शेतीचा नाही, ती घरी जाऊन दुपारी झोपू शकते याचा. एकदा मी ते बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, दुपारी झोपायला शेत काय पलंग आहे.

दुसऱ्या वर्षाचा सगळा जीव प्लॉटमध्ये होता. प्रत्येकाला एक गुंठा जमीन. रोप तयार करण्यापासून तोडणीपर्यंत सगळं आपल्या हाताने करायचं, शेवटी बाहेरचे परीक्षक येऊन बघणार. प्लॉट नापास म्हणजे वर्ष नापास. बाकीच्यांना ते वाईट वाटलं असतं, माझा प्रश्न वेगळा होता. तिसरं वर्ष ओढायचं बळ माझ्या अंगात नव्हतं. प्लॉट गेला असता तर मी कॉलेज सोडून दिलं असतं आणि त्या बायकांच्या रांगेत कायमची बसले असते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मला ते पक्कं माहीत होतं.

मी टोमॅटो घेतले. हिवाळ्यात रोपं छान उठली. बांबू रोवून तार ओढली, आता प्रत्येक झाड तारेला बांधायचं. कॉलेजची सुतळी निम्म्या वर्गातच संपली आणि नवी येईना. पण सिल्वासात सुतळीवाचून कुणाचं अडत नाही. इथे घरटी एक माणूस यार्नमध्ये, आणि मशीनवरचं वेस्टेज घरोघर पोचलेलं. कपडे वाळत घालायला तेच, पोत्याचं तोंड शिवायला तेच, गजरा ओवायला तेच, गणपतीच्या मखराला तेच. ज्यांच्या घरी कंपनीचं माणूस होतं त्या सगळ्यांनी यार्न आणलं. पांढरंशुभ्र, चमकदार. आमचे सर नाशिककडचे, द्राक्षाच्या गावचे. तेही बघून म्हणाले, वा, प्लॉट लग्नाला निघाल्यासारखा दिसतोय.

वडिलांना गुरुवारी ऑफ असायचा. एका गुरुवारी मी सहज म्हणाले, चला, तुम्हाला प्लॉट दाखवते. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. वर्गाकडे त्यांनी पाहिलंही नाही, तिथे आपलं काय काम असा त्यांचा चेहरा. प्लॉटवर मात्र यार्न दिसलं आणि गडी खुलला. धुळ्याला ते यंत्रमागावर होते, मग इथे माझ्याच कंपनीत, धाग्याला पीळ देणाऱ्या टेक्स्चरायझिंगच्या मशीनवर. तुटलेला धागा जोडण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. लाइनवर त्यांच्या गाठीचं नाव होतं, बोटाला लागत नाही आणि ओढली तरी सुटत नाही. त्यांनी माझ्या हातातली यार्नची गुंडाळी काढून घेतली, मी बांधलेलं एक झाड पाहिलं, आणि हसले.

"अशी ढिली बांधशी त् हवा येताच सुटी जाई," ते म्हणाले. "बस तू. मी करस."

मी बांधावर बसले. ऊन कोवळं होतं. बसल्या बसल्या मी जी कलंडले ती दुपारी शिफ्टला जायच्या वेळीच उठले. तोवर सगळा प्लॉट बांधून झाला होता. एकेका झाडाला तीन तीन ठिकाणी, खोडाशी घट्ट, आणि गाठीची टोकं खिशातल्या कटरने साफ उडवलेली. एकही टोक लोंबत नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं, फास सैल ठेवावा, खोड पुढे जाड होतं. ते मी वाचलं होतं. पण समोरचं काम इतकं नीटस होतं, आणि इतक्या दिवसांनी पोटभर झोप झाली होती, की माझ्या डोक्यात ते आलंच नाही. मला वडिलांचा अभिमान वाटला. मला शिफ्टला सोडायला जाताना ते गाडीवर म्हणाले, तुझ्या कॉलेजात आज आपणही काहीतरी केलं.

पुढे महिनाभर ते लाइनवर सांगत होते की पोरीच्या परीक्षेचा प्लॉट मीच बांधलाय. मला पॅकिंगमधल्या बायकांकडून ते कळायचं.

फळं धरली आणि झाडांचे शेंडे दुपारी माना टाकू लागले. संध्याकाळी पुन्हा ताठ व्हायचे म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. मग ते संध्याकाळीही उठेनात. सरांनी लांबून पाहून सांगितलं, मर लागलेली दिसते, आळवणी कर. मी औषधाचं पाणी मुळाशी ओतलं. दोनदा ओतलं. सुरंगीवालीचे सुतळीने बांधलेले टोमॅटो शेजारी टवटवीत उभे होते. माझ्या दुखण्यावर बोट ठेवायला नको म्हणून ती माझ्या प्लॉटकडे बघायचंच टाळायची. मला तिच्या टाळण्याचाही राग यायचा. त्या दिवसांत मला सगळ्याचाच राग यायचा.

एका सकाळी वाकून एका झाडाची खालची पानं काढत होते तेव्हा बोटाला खोडावर खाच लागली. बघितलं तर यार्न दिसेना. खोड दोन्ही बाजूंनी सुजून वर आलं होतं आणि दोरा आत रुतला होता. नखाने सालीखालून उकरला, तर तसाच्या तसा, पांढरा. सुतळी असती तर कुजून सैल तरी झाली असती. हा धागा कुजत नाही, आणि वडिलांची गाठ सुटत नाही. मी ब्लेड आणलं आणि सरीसरीने कापत सुटले. जी झाडं कमी रुतली होती ती वाचली. बाकीची फळांच्या ओझ्याने त्याच खाचेत मोडली. निम्म्याहून जास्त प्लॉट आडवा झाला. ज्या मुलांनी यार्न वापरलं होतं त्यांचीही थोडीफार झाडं गेली, पण त्यांच्या गाठी कच्च्या होत्या, आपोआप सुटल्या.

घरी मी सांगितलं, रोग आलाय. वडील हळहळले. त्यांनी विचारलं, बांधणी तर टिकली ना. मी म्हटलं, टिकली.

परीक्षा गुरुवारीच आली. नको नको म्हटलं तरी वडील आले, म्हणाले, मी लांबूनच बघेन. बांधावर, मी झोपले होते तिथेच, उभे राहिले. परीक्षक मॅडम बाहेरच्या होत्या, आणि मराठी निघाल्या. आधी मला बरं वाटलं. नंतर वाटलं, गुजराती असत्या तर बरं झालं असतं, वडिलांना निम्मं कळलं नसतं.

मॅडमनी विचारलं, हे कशाने गेलं. मी म्हटलं, मर रोग. मला वाटलं, रोग काय, कुणालाही होतो. रोगात कुणाची चूक नसते. त्यांनी एक मोडलेलं झाड उपटायला सांगितलं आणि खोड मधून चिरलं. मर असेल तर आतली नस तपकिरी पडते, हे मलाही येत होतं. नस हिरवीगार होती. त्यांनी ते खोड माझ्यापुढे धरलं आणि पुन्हा विचारलं, सावकाश, की नक्की मर आहे का. मी तेच उत्तर दिलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

वडील कधी जवळ आले कळलं नाही. त्यांनी दुसरं एक मोडलेलं खोड उचललं होतं आणि अंगठ्याने खाच चाचपत होते. डोळ्यांनी बघायची त्यांना गरजच पडली नाही.

"मॅडम, ही गाठ माझी आहे," ते म्हणाले. सुरुवात शुद्ध मराठीत झाली, मग जीभ आपल्या गावाला गेली. "पोरनी नही बांधी. मीच बांधेल शे सगळं. ती झोपेल व्हती."

त्यांना वाटलं, आपण पोरीला सोडवलं. प्लॉट स्वतःच्या हाताने करायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सर खाली बघायला लागले. मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, झोपली होतीस? मी होय म्हटलं.

"दोन वरीस व्हयनात, ती घर धड झोपत नही," वडील म्हणाले. "त्या दिन झोपेल दिसनी, म्हनीसन मी तिले उठाडं नही. माले वाटनं, एक दिन त् झोपू दे."

मला रडू आलं नाही. खरं तर मला तिथेच पुन्हा खाली बसावंसं वाटलं. आपण थकतो ते कुणाला दिसत नाही, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. त्यांना ते रोज दिसत होतं. मॅडम वाईट बाई नव्हत्या. म्हणाल्या, कारण आधीच खरं सांगितलं असतंस तर मला काही करता आलं असतं, आता वडिलांच्या तोंडून ऐकल्यावर कसं सोडू. त्यांचंही बरोबर होतं.

मी नापास झाले. उन्हाळ्यात नव्याने प्लॉट करून दाखवायची मुभा मिळाली, मी भेंडी लावली, आणि एक हंगाम उशिरा सुटले. ते सगळं व्यवस्थित झालं, कारण त्या हंगामात मी पॅकिंगला गेले नाही.

ते त्याच दिवशी ठरलं. कॉलेजच्या फाटकाबाहेर गाडी चालू न करता वडील नुसते सीटवर बसून राहिले. मी मागे बसले. शिफ्टची वेळ होत आली होती, मी म्हटलं, पप्पा, चला, उशीर होतोय. ते म्हणाले, तू घरी चल. मला कळलं नाही.

"आजपासून तू पॅकिंगले जाऊ नको, माय. मी डबल करस."

डबल म्हणजे लागोपाठ दोन शिफ्ट, उभ्याने, त्या घरघरीत. लाइनवरचे डबल करणारे लोक मी रोज बघत होते. त्यांचे डोळे कसे होतात मला माहीत होतं. वडिलांचं वयही माहीत होतं. नको, म्हणायला हवं होतं, आणि शब्द तोंडाशी आलाही. पण घर, उशी, दुपारची शांतता, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी त्यांच्या पाठीला डोकं टेकलं आणि होय म्हणाले.