एक नंबरचा वट्टा

लोक देव बघायला जातात, धबधबे बघायला जातात; मी एसटी स्टँड बघायला जातो. हसायचं तर हसा. उभी हयात सांगलीकडच्या एका स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. माईकवरून गाड्या पुकारल्या, ड्रायव्हरांशी भांडलो, आणि निवृत्त झाल्यावर लक्षात आलं की जगातल्या या एवढ्याच गोष्टीतलं आपल्याला काही कळतं. त्यामुळे परभणीत राहणाऱ्या माझ्या भाचीचा, रेवतीचा, फोन आला की "मामा, मी केलेलं गाव बघायला या," तेव्हा मी लगेच पिशवी भरली. बायको म्हणाली, "होळी झाल्यावर परभणीला? करपून याल." करपलो तर करपलो, म्हटलं.

रेवती आर्किटेक्ट आहे. 'केलेलं गाव' म्हणजे जिंतूर रस्त्यापासून आत असलेलं बाजाराचं एक मोठं गाव. नाव लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते तिथल्या चालत्याबोलत्या माणसांबद्दल आहे. या गावाच्या ऐन मध्यावर पत्र्याच्या शेडचं जुनं स्टँड होतं, त्याला चिकटून टपऱ्या, आणि त्याच धुळीत आठवडी बाजार. ग्रामपंचायतीनं हा सगळा मध्य नव्यानं बांधायचं ठरवलं आणि काम रेवतीकडे आलं. मी पहाटे पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी नव्या मैदानात पहिला बाजार भरायचा होता.

"उद्याचं बघायच्या आधी चारठाणा बघा," असं म्हणून ती मला सकाळीच एसटीनं घेऊन निघाली. दोन्ही बाजूंना काळी माती, उपटून ठेवलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचे भारे, कुठे ज्वारीची कापणी चाललेली. खिडकीतून येणारा वारा नऊ वाजताच गरम होता. चारठाण्याला जुनी देवळं आहेत, काळ्या दगडाची. गावातल्या घरांच्या मधेच अचानक एखादा कोरीव खांब उभा दिसतो आणि त्याच्याशेजारी कुणाची तरी म्हैस बांधलेली असते. एका देवळाच्या मंडपात कडेनं बसायला दगडी बाक होता.

"बसून बघा," रेवती म्हणाली.

बसलो. गार दगड, पाठीला टेकण, डोक्यावर सावली. समोर उभ्या राहिलेल्या रेवतीशी मान न दुखवता बोलता येत होतं.

"भाजीवाल्या बायका दिवसभर जमिनीवर बसतात आणि गिऱ्हाईक त्यांच्याशी वरून बोलतं. मी बाजारातल्या वट्ट्यांची उंची इथून घेतली आहे," ती म्हणाली. वट्टा म्हणजे ओटा. दगडावर हात फिरवता फिरवता मला या पोरीचं फार कौतुक वाटलं, आणि तसं मी तिला तोंडावर सांगितलं.

येताना जिंतूरच्या स्टँडवर मात्र माझी शोभा झाली. "बोर्ड काय वाचायचा, गाडी कशी लागली आहे यावरून सांगतो," म्हणत मी ऐटीत रेवतीला एका गाडीत चढवलं. फाट्यापुढं गेल्यावर कंडक्टर म्हणाला, "काका, परभणीला निघालाव न् गाडी उलटीकडं जायलीय की!" उतरलो आणि डोक्यावर दस्ती (रुमाल) टाकून उन्हातनं मागं चालत आलो. रेवती सगळी वाट हसत होती. "नियंत्रकालाच नियंत्रक नेमायला पाहिजे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावात पोचलो. स्टँडसमोरच्या हॉटेलात सुशिला खाल्ला. (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना पोह्यांसारखी फोडणी देतात, वर शेंगदाण्याचं कूट. मी दोनदा घेतला.) मग मैदान बघितलं आणि खरं सांगतो, माझं मन भरून आलं. गाड्या एका बाजूनं आत येतात, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतात. रिव्हर्स घेणं नाही, शिट्ट्या नाहीत, मागं कोण उभं आहे ही धास्ती नाही. प्रवासी उतरतो तो थेट सावलीच्या वाटेवर. जुनी कडुलिंबाची झाडं एकही न तोडता मधे घेतलेली, त्यांच्याखाली दगडी बाक, पोरांना झोके, बायकांसाठी स्वच्छ संडास आणि पाण्याची टाकी. या वाटेच्या दोन्ही अंगांना बाजाराचे वट्टे, त्यांवर नंबर टाकलेले. एक नंबरचा वट्टा गाडीच्या दारापासून अगदी समोर, मोठ्या लिंबाखाली. शेवटचे वट्टे पार पलीकडे, जुन्या नालीच्या (गटाराच्या) टोकाला. नाली आता फरशीखाली गेली होती, पण तिकडची करंजाची रोपं जेमतेम गुडघ्याएवढी होती.

सगळं तयार होतं आणि एकाही वट्ट्यावर माणूस नव्हतं.

बाजार आला होता, पण तो मैदानाच्या बाहेर रस्त्यावर उभा होता. डोक्यावर पाट्या, काखेत गोण्या, आणि सगळे नुसते आत बघतायत. मी एकाला विचारलं, तर म्हणाला, "ऊन लागंल." दुसरा म्हणाला, "वट्टे लय उंच हायत." रेवती कपाळाला हात लावून म्हणाली, "मामा, खरं कारण तिसरंच आहे."

ते असं. जुन्या बाजारात कोण कुठे बसायचं हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण प्रत्येकाला पाठ होतं. लिंबाखाली मोठ्या जमीनदार घरांतल्या बायका, मग बाकीचे, आणि नालीच्या टोकाला बौद्धवाड्यातल्या. रेवतीनं हट्टानं जागा चिठ्ठ्या टाकून वाटायला लावल्या. सगळ्यांदेखत एक नंबर निघाला नालीच्या टोकाला बसणाऱ्या पंचफुलाबाईंचा. आणि लिंबाखालच्या गयाबाईंना निघाला शेवटून दुसरा. सरपंच गयाबाईंचे चुलत दीर. त्यांनी रेवतीला आधीच बजावलं होतं, वट्टे रिकामे राहिले तर ते पाडून तिथे गाळे काढायचे. गुत्तेदार (कंत्राटदार) तर हात चोळत बसलाच होता. एक नंबरच्या वट्ट्यावर कोण बसतं हे बघून मगच बाकीचे हलणार होते. सगळं तिथे अडलं होतं.

त्या वट्ट्याजवळ दोघी उभ्या होत्या. पंचफुलाबाई पन्नाशीच्या, सडसडीत, पाटीत वांगी आणि मिरच्या. गयाबाई त्यांच्याच वयाच्या, ठसठशीत कुंकू, पुढ्यात मेथीच्या जुड्यांचा ढीग. रेवतीला बघून पंचफुलाबाई "जय भीम, ताई" म्हणाल्या. रेवतीनंही "जय भीम" केलं.

"पंचे, ही माझ्या सासूनं दाखवलेली जागा हाय," गयाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला होता, पण डोळ्यांत पाणीही होतं. "माझं गिऱ्हाईक डोळे झाकून हितं येतंय. म्हातारपणी मी कुठं हुडकू त्यास्नी?"

"चिठ्ठी तुमच्यासमोरच निघाली की, गयाक्का."

"चिठ्ठीला काय कळतंय?"

सरपंच मधे पडले. "बायांनो, आपसात अदलाबदल करा न् मोकळ्या व्हा. लोक खोळंबून ऱ्हायलेत."

मला ते पटलं. आयुष्यभर हेच केलं होतं ना मी; दोघांचं सीटवरून भांडण लागलं की एकाला समजावायचं आणि गाडी सोडायची. न राहवून मी पंचफुलाबाईंना म्हणालो, "बाई, एका वट्ट्यानं काय बिघडतंय? बाजार तरी सुरू होईल."

रेवतीनं माझा दंड धरला. "मामा, हा एक बदलला की सगळे बदलणार. संध्याकाळपर्यंत जुनाच बाजार नव्या फरशीवर बसलेला असेल." मग ती पंचफुलाबाईंकडे वळली. "ताई, जागा तुमची आहे. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

पंचफुलाबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. "मामा, तुमी पाव्हणे हाव म्हणून राग न्हाई. माझी माय त्या नालीच्या टोकाला बसून म्हातारी झाली. दुपार झाली की भाजी मान टाकायची, मग निम्म्या भावात देऊन घरी यायचं. तवा कुणी म्हणलं न्हाई, बाई, आपण अदलाबदल करू. आज हे मला निघालंय. मी न्हाई देत."

आणि त्या वट्ट्यावर चढल्या, गोणपाट अंथरलं, वांगी रचली, मिरच्यांचा ढीग केला, तराजू मांडला आणि बसल्या. मला कुणी कान धरल्यासारखं झालं. जागेवरून हललं मात्र कुणीच नाही. सगळा बाजार त्यांच्याकडे बघत होता. त्या रिकाम्या मैदानात एकटं बसणं सोपं नव्हतं; पदर सारखा नीट करत होत्या, वांगी उगाच खालीवर करत होत्या. एकही गिऱ्हाईक आत शिरेना. परभणीची गाडी यायची वेळ टळून गेली होती आणि मी मनातल्या मनात त्या डेपोचा उद्धार करत होतो.

शेवटी आली एकदाची. नव्या वाटेनं ऐटीत वळून थांबली. दार उघडलं आणि आडगावांचे लोक भराभरा उतरले. त्यांना ना चिठ्ठी माहीत, ना लिंबाखालची वहिवाट. सावलीची वाट दिसली, पाय तिकडे वळले, आणि वाटेवर पहिली लागली पंचफुलाबाईंची वांगी. टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, काटेरी हायत न्हवं?"

"हात लावून बगा की, टोचतील."

म्हाताऱ्यानं हात लावला, "आयायाई" म्हणत बोट झटकलं, आणि हसत पिशवी पुढे केली. पंचफुलाबाईंनी बोहनीची नोट कपाळाला लावली. तोवर त्याच्यामागं चार बायका मिरच्या निवडायला लागल्या होत्या. रस्त्यावरच्या गर्दीतनं एक कांदेवाला ओरडला, "अरे, गिऱ्हाईक संपायलंय की! उभं काय ऱ्हायलाव?" झालं. बांध फुटल्यासारखे सगळे आत घुसले आणि आपापले नंबर शोधायला लागले. मला इतका आनंद झाला की मी हात वर करून "चला चला, वाट सोडून बसा" असा पुकारा सुरू केला. माईक नव्हता एवढंच.

गयाबाई सगळ्यांच्या शेवटी उठल्या. "फुटकं माझं नशीब," म्हणत पाटी उचलून टोकाकडे गेल्या.

बाजार नुसता फुलला. मी गूळ घेतला, करडईचं तेल घेतलं, बाकावर बसून एका शिक्षकाशी गप्पा मारल्या. दुपारी एकच्या सुमाराला गयाबाई ताडताड चालत आल्या. हातात मेथीची जुडी, पार लोळागोळा झालेली.

"बगा ही मेथी! सकाळी तोडलीय. आता जनावर तोंड लावणार न्हाई. तिथं माणसानं बसायचं कसं?"

रेवती शांतपणे म्हणाली, "खरं आहे, काकू. करंज मोठे होईपर्यंत तिथे सावलीची जाळी लावायचं मी लिहिलं होतं. पंचायतीत 'नंतर बघू' झालं."

सरपंचांनी वहिनीकडे बघितलं, मेथीकडे बघितलं आणि फोन काढला. ऊन उतरायच्या आत बांबू आले, माणसं आली, आणि त्या टोकाच्या सगळ्या वट्ट्यांवर हिरवी जाळी ताणली गेली. गयाबाईंनी जाळीखाली बसून मेथीवर पाणी मारलं आणि पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला हाक घातली. मी तर खूश झालो. सरकारी कामं उभी हयात बघितलीत; इतक्या तडफेनं झालेलं एकही आठवेना.

संध्याकाळी गाडी लागल्यावर पंचफुलाबाईंचा निरोप घ्यायला गेलो. पाटी रिकामी झाली होती, त्या गोणपाट झटकत होत्या. सकाळच्या बोलण्याबद्दल माफी मागितली, तर "ऱ्हाऊ द्या हो, मामा" म्हणाल्या. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी जाळीकडे बोट दाखवलं. "बघा, पंचायतीनं किती चटकन काम केलं."

त्यांनी तिकडे बघितलं. "व्हय की. लय चटकन केलं." गोणपाटाची घडी घालून पाटीत ठेवली. "तिथंच माझी माय बसायची, मामा. तवा बी ऊन हेच व्हतं."

गाडीत येऊन बसलो. रेवती शेजारी बसून आनंदानं पुढच्या बाजाराचं काहीबाही बोलत होती, मी हूं हूं करत होतो. गाडी वळली तेव्हा खिडकीतून ते टोक दिसलं. हिरव्या सावलीत बायका उरलेली भाजी आवरत होत्या, आणि गयाबाई कुणाला तरी हसून काही सांगत होत्या. घरी येऊन हे लिहायला बसलो तरी एक विचार पाठ सोडत नाही. मी पंचफुलाबाईंना वट्टा सोडायला सांगितलं होतं. त्यांनी माझं ऐकलं असतं, तर त्या टोकाला आजही ऊनच असतं आणि त्या उन्हात पंचफुलाबाईच बसलेल्या असत्या.