माटवीवरचे तुरे

जामसंड्याला आमचं आणि काकीचं घर शेजारी शेजारी. मध्ये चिऱ्यांचा गडगा, त्यात ये-जा करायला वाट सोडलेली. विहीर काकीच्या बाजूला होती. आई आणि काकी, दोघी जावा, रोज तिथे पाणी काढता काढता बोलत उभ्या राहत. ते बोलणं मक्याने बंद झालं.

वडील शाळेत मास्तर होते. एका वर्षी त्यांनी घाटावरून मक्याचं बी आणलं. आमच्याकडे तेव्हा मका कोणी लावत नसे. आईने पावसात तो परसात लावला आणि मुलासारखा वाढवला. काकी गडग्यापाशी उभी राहून बघे. “तुझो मको माझ्या डोक्यावर गेलो गो,” असं ती एकदा म्हणाली, तेव्हा आई हसली होती.

चतुर्थीच्या तोंडावर झाडांच्या शेंड्याला तुरे आले. गणपती दोन्ही घरांचा एकच, काकीकडे बसायचा. त्याच्या डोक्यावर माटवीची लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, फुलं बांधतात. पहिलं आलेलं देवाला, म्हणून आईने सगळे तुरे कोवळे असतानाच कापून माटवीला दिले.

पुढे कणसं धरली, पण हाताला पोकळ लागत. आईने सोलून पाहिली तर आत नुसती पांढरी बुरकुंडं, कुठे एखादा दाणा. वडील म्हणाले, कीड असेल. आईला कीड दिसेना. तिला आठवलं ते एवढंच, की काकी वाट ओलांडून आली होती आणि तिने एका कणसाला हात लावून बघितलं होतं.

“दिष्ट लागली,” आई म्हणाली.

तिने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. लोक हसतील म्हणून झाडं मोडली, कणसं खताच्या खड्ड्यात पुरली आणि वर वाळल्या पानांचा पातेरा ओढला. त्यानंतर ती लांबच्या विहिरीवर जाऊ लागली. काकीकडून आलेली वाटी ती आधी हुंगून बघायची. मीही काकीच्या डोळ्यांकडे चोरून बघत असे.

कॉलेजात गेल्यावर मी वाचलं, की तुऱ्यातली भुकटी कणसाच्या केसांवर पडली तरच दाणा भरतो. सुट्टीत आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

“मगे ती हात लावून कित्याक बघत होती?”

काकीला सांगू का, असं विचारल्यावर तिने मला गप्प केलं.

यंदा आई गेली. बाराव्याला काकी आली, पडवीत भिंतीला टेकून बसली. सगळे उठून गेल्यावर म्हणाली, “एक विचारू? तो मको खराच भरूक नाय होतो?”

मी तुऱ्यांची गोष्ट सांगितली. पुरलेल्या कणसांचीही. झाडं मोडलेली तिने पाहिली होती, कणसं मात्र कुठेच दिसली नव्हती. तिच्या घरी एकही द्यावं लागू नये म्हणून आम्ही दार लावून खाल्ली, असं तिने इतकी वर्षं मनात धरलं होतं.

मग तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. “ह्या तुका आवशीन सांगूक सांगल्यान?”

आईने काही सांगायला सांगितलं नव्हतं; मी नाही म्हणालो. तिला पटलं की नाही, कळेना. ती उठली, गडग्यातल्या वाटेपर्यंत गेली आणि मागे न बघता म्हणाली, “विहिरीर दोर नवो आसा.”