बायकांबद्दल की माझ्याबद्दल?

सोमवारी सकाळी मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या माझ्या क्लिनिकमध्ये दुसरा पेशंट आत यायचा होता, तेवढ्यात श्रीरंगचा फोन आला. "नीता, मृणाल गेली," म्हणाला. "सकाळी उठलीच नाही. हार्ट." मी डॉक्टर, अशा वेळी काय विचारायचं ते मला पाठ आहे. पण मी काहीच विचारू शकले नाही… कारण गुरुवारी दुपारी मृणालनं मला फोन केला होता, आणि तिच्या नवऱ्याला, श्रीरंगला, ते ठाऊक नव्हतं.

मृणाल नि मी पुण्याच्या, एकाच कॉलेजातल्या. मेलबर्नला आलो तेही थोडं मागेपुढे. ती युनिव्हर्सिटीत भाषाशास्त्र शिकवायची. मधली काही वर्षं नॉर्वेत काढलेली आणि तिथून एक खूळ घेऊन आलेली: नॉर्वेजियन माणसं एका वस्तूबद्दल नव्हे, तर वस्तूंच्या अख्ख्या जातीबद्दल बोलतात तेव्हा कशी बोलतात? "पुण्याच्या बाईला मेलबर्नात बसून नॉर्वेची उठाठेव!" असं मी चिडवायची. इथे स्थायिक झालेल्या म्हाताऱ्या नॉर्वेजियन मंडळींच्या क्लबात ती शनिवारी पॅनकेक करून न्यायची, रेकॉर्डर टेबलावर ठेवायची आणि त्यांना खाता खाता बोलू द्यायची. थेट प्रश्न विचारला की माणसं पुस्तकी बोलतात, असं तिचं म्हणणं. एकदा मीही गेले होते. परतताना गाडीत म्हणाली, "समोरच्या ताटातल्या पॅनकेकना ते 'चांगले' म्हणतात. पण एकूण पॅनकेक हा प्रकारच छान, असं म्हणायचं असलं की त्यांच्या भाषेत ते होतं 'चांगलं'. ऐकणाऱ्याला लगेच कळतं, बोलणं कशाबद्दल चाललंय."

"बरं मग?"

"मग काय! आपण बोलतो सगळ्यांबद्दल आणि मारतो समोरच्याच्या गळ्यात. आणि अशी वाक्यं फार निगरगट्ट असतात हं. एमू उडत नाही म्हणून 'पक्षी उडतात' हे कुणी मागे घेतं का?" मी हसले, रेडिओ लावला. तिचं बोलणं मला नेहमी थोडं रिकामपणाचं वाटायचं, हे आता कबूल करायला हवं.

त्या गुरुवारी मी दोन पेशंटांच्या मधे डबा खात होते. "अगं, दोन दिवस छातीत जळजळतंय," मृणाल म्हणाली. "जिना चढले की जास्त." आमच्या लोकांत ही रीतच पडली आहे… मैत्रीण डॉक्टर असली की अपॉइंटमेंट घ्यायची नाही, फोन करायचा, आणि डॉक्टरनंही मैत्रीणच आहे म्हणून न तपासता औषध सांगून मोकळं व्हायचं. उंटावरून शेळ्या हाकायच्या. मी वर्षानुवर्षं हाकल्या आणि त्याबद्दल लोकांनी मला प्रेमळ म्हटलं.

"आपल्या वयात बायकांना होतं गं असं," मी म्हटलं. "अ‍ॅसिडिटी. गोळी घे. नो वरीज."

तिनं विचारलं, "हे बायकांबद्दल सांगतेस की माझ्याबद्दल?"

"बाई, लेक्चर नको. माझा पेशंट बसलाय बाहेर."

जिना चढल्यावर वाढणारी जळजळ! एखादी अनोळखी बाई हेच सांगत आली असती तर मी तिला खुर्चीतून हलू दिलं नसतं. ईसीजी काढला असता, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली असती. तिची मैत्रीण नसते तर ती वाचली असती, या विचारानं मला झोप लागत नाही.

तीन आठवड्यांनी तिच्या घरी गेले. श्रीरंग तिच्या अभ्यासाच्या खोलीत पुस्तकं खोक्यांत भरत होता. म्हणाला, "मला एकच लागून राहिलंय. त्रास होत असणारच तिला. मला नाही तर नाही, निदान तुला तरी सांगायचं…" गप्प बसले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. आमची पस्तीस वर्षांची मैत्री तशीच, स्वच्छ राहिली असती, आणि तो जन्मभर बायकोलाच दोष देत राहिला असता.

"सांगितलं होतं तिनं," मी म्हटलं.

तो हातातलं पुस्तक धरून उभा राहिला. "मग तू काय म्हणालीस?"

मी जे म्हणाले होते ते शब्दाशब्दानं सांगितलं. तिनं काय विचारलं, तेही.

त्यानं पुस्तक खोक्यात ठेवलं आणि माझ्याकडे न बघता, अगदी सौम्यपणे म्हणाला, "तू नीघ आता. क्लिनिकला उशीर होईल तुला."

मी पर्स उचलली आणि निघाले. त्या दिवशी रविवार होता.